फुस्सवाल्याचं स्थळ

मुलगी बघायला आल्यावर तिला काय काय विचारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी उलट काय विचारायची, ते मात्र पारनेर तालुक्यातल्या बऱ्याच घरांत अजून रागानं सांगतात. मी विचारायची, "तुमच्या गाडीला टर्बो आहे का? असला तर तो करतो काय?"

यात चावटपणा होता, नाही असं नाही. पण कारणही होतं. आमच्या घरी दुधाची पिकअप. सकाळी वस्त्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि डेअरीला पोचवायचे. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुडघा धरल्यापासून ती गाडी मीच चालवत होते. रस्त्यावर राहून मला एक अक्कल आली होती. ज्याला गाडी येत नाही तो परवडला, येत नसून येते म्हणणारा लई वाईट. असल्या माणसाशी मला जन्माची गाठ मारायची नव्हती.

म्हणून हा प्रश्न. पुण्याला कंपनीत असलेला एकजण म्हणाला, टर्बोमुळे एसी लवकर गार होतो. दुसरा म्हणाला, ते मॉडेलचं नाव आहे, मागं लिहिलेलंच असतं. तिसऱ्यानं हाताची बोटं नाचवून "पिकअप, पिकअप" असं दोनदा म्हटलं आणि पुढं पोह्यात तोंड घातलं. मला उत्तराशी काडीचं देणंघेणं नव्हतं. "मला माहीत नाही" एवढं कुणाच्या तोंडून निघतं का, ते मी बघत होते. बापजन्मात कुणाच्या निघालं नाही.

शेवटी दादा भडकले. आई भाकरी थापत होती, ती थांबलीच.

"ही पोरगी नवरा बघती का मेकॅनिक?" दादा म्हणाले. "आता येक स्थळ येतंय. त्यालाबी न्हाई म्हनलीस, तर मग मी सांगंन तिथं गप उभी ऱ्हायची. त्यो पुन्याचा अजून फोन करतोय."

पुण्याचा म्हणजे तो एसीवाला. दादा तोंडानं तापट, पण शब्दाला पक्के. येणाऱ्याला नकार दिला असता तर एसीवाला गळ्यात पडणार, ही दगडावरची रेघ होती.

आलेलं स्थळ देवळाली प्रवराकडचं. ऊस, विहीर, पाटाचं पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय, त्यामुळे आईला ते पाणीच जावयासारखं वाटायला लागलं. "पान्याला मरन न्हाई गं त्यांच्यात," असं ती शेजारणीला सांगून आलीसुद्धा.

आता आमच्याकडे मुलगा घरी येण्याआधी त्याची चौकशी होते, आणि ती चोरून होते. मुलीकडचा एक माणूस ओळख न देता मुलाच्या गावात जातो, टपरीवर चहा घेतो, सलूनमध्ये दाढी करतो, डेअरीवर टेकतो, आणि पोरगं पितं का, तंटेखोर आहे का, आईबापाला विचारतं का, हे सगळं काढून आणतो. आमच्या घराण्यात हे खातं काकाकडे. काका म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. तोंडावर कायम मोठं गुपित सांभाळल्याचा भाव. "म्हैस बघाया आलोय," हे त्याचं ठरलेलं सोंग. आता म्हैस बघायला आलेला माणूस दूध किती, वेत कितवं, हे काही न विचारता पाटलाच्या पोराचं शिक्षण विचारायला लागला की गावाला कळणारच. पण गावंही शहाणी असतात. ती समजून उमजून म्हशीच्याच गप्पा करतात.

काका संध्याकाळच्या एसटीनं परत आला. पांढऱ्या कपड्यांवर गुडघ्यापासून छातीपर्यंत वाळलेला चिखल, आणि गळ्यात कुणाचा तरी गुलाबी टॉवेल. दादा आत होते, त्यांना त्यानं ओट्यावरूनच ओरडून सांगितलं, "स्थळ येक नंबर हाय." आणि मला गोठ्याकडे खूण केली.

"काका, हे काय?"

"आदी शप्पथ घे. दादाला सांगनार न्हाईस."

घेतली.

"पोरगं निर्व्यसनी हाय. घराला धरून हाय. कुनाशी वाकडं न्हाई. पन त्याची गाडी फुस्स करती."

"म्हंजे?"

म्हणजे असं झालं होतं. गावात मुलाचं नाव घेऊन विचारलं तर लोक डोकं खाजवायला लागले. मग एकाला उजेड पडला, "आरं, फुस्सवाला व्हय!" आणि सगळी टपरी बोलायला लागली. पोराची पांढरी डिझेल गाडी. तिला त्यानं कसलासा व्हॉल्व्ह बसवून आणलेला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी जोरात "फुस्स्स!" करून वारं सोडते. पोराबद्दल कुणाची तक्रार नव्हती, सगळी तक्रार त्या फुस्सची. डेअरीवर एक म्हातारी तर कावलेलीच होती. "त्येच्या फुस्सनं माजी म्हैस पान्हा चोरती," म्हणाली. काकाच्या सगळ्या चौकशीत म्हशीचा तेवढाच विषय निघाला.

एवढं ऐकून काका पाटाच्या कडेकडेनं एसटी थांब्याकडे निघाला. दोन्ही बाजूंना उभा ऊस. मागून आवाज आला, "फुस्स्स!" उसात नाग असतात हे आम्हां कोरडवाहू माणसांना फार ऐकून माहीत असतं. सकाळपासून त्याच फुस्सची चौकशी केलेल्या माझ्या काकाच्या डोक्यात गाडी आलीच नाही. "नाग!" म्हणून त्यानं थेट पाटात उडी टाकली.

गाडीतून उतरून ज्यानं त्याला हात दिला, तो तोच. फुस्सवाला. त्यानं काकाला वर ओढलं, सीटवरचा टॉवेल दिला, चपलेचा एक पाय वाहून चालला होता तो पळत जाऊन पकडून आणला आणि थांब्यापर्यंत सोडलं.

"कुठलं पाव्हनं?"

"म्हैस बघाया आल्तो."

"मग? जमलं का?"

"न्हाई पसंत पडली," काका म्हणाला आणि एसटीत चढला.

हसून हसून माझी पुरेवाट झाली. काका मात्र गंभीर. "चौकशीला गेल्याला मानूस पाटात पडला म्हनल्यावर फुडं मला कोन धाडंल? तू तोंड शिवून ठेव." मी शिवलं.

पण हसू ओसरल्यावर माझं डोकं तापायला लागलं. कारण हा व्हॉल्व्ह मला चांगला माहीत होता. आमच्या पिकअपलाही असाच एक बसवून द्यायला एक गॅरेजवाला मागं लागला होता, तेव्हा मी त्याची पुरी खोदाई केली होती.

शेतात पाण्याची मोटार चालू ठेवून पुढचा कॉक एकदम बंद केला तर काय होतं? पाण्याला जायला जागा उरत नाही, ते मागं धडका देतं, पाइप तडकतो. पेट्रोलच्या टर्बो गाडीत तसंच होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलत असतो. तुम्ही पाय उचलला की हवेच्या वाटेवरचं झाकण मिटतं आणि दाबलेली हवा उलटी टर्बोवर आदळते. तिला वाट करून द्यायला व्हॉल्व्ह लागतो. पण तो कंपनीच देते, आणि ती हवा गुपचूप परत आतच फिरवते, बोंबलत नाही. आमच्या पिकअपसारख्या डिझेलमध्ये तर पाय उचलला की नुसतं डिझेल कमी होतं, हवेची वाट उघडीच असते. मग व्हॉल्व्ह कशाला? फक्त फुस्सला. उलट तो गळायला लागला की दाब कमी पडतो आणि चढाला गाडी काळा धूर ओकते. म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घ्यायचं.

आणि हा माणूस ते घेऊन गावभर हिंडतो! मी मनात पक्कं केलं. बडेजावी दिसतोय. टर्बोचं आयुष्य वाढतं, अ‍ॅव्हरेज वाढतं, अशी गॅरेजवाल्यानं पढवलेली पोपटपंची करणार आणि मी नकार देणार. आणि पुढं एसीवाला उभाच होता.

बघायचा दिवस आला. मी आतल्या खोलीत साडी नेसून बसले होते. आधी लांबून फुस्स ऐकू आलं, मग वळणावर एकदा, मग दारात. आमचा कुत्रा ट्रॉलीखाली शिरला तो पोह्यांच्या वासालाही बाहेर आला नाही. गाडी दारातल्या चढावर आली तेव्हा खिडकीतून मी धूर पाहिला. काळा. व्हॉल्व्ह गळत होता.

मंडळी टेकली. पाणी झालं. काका कोपऱ्यात टोपी भुवईपर्यंत ओढून बसलेला. तरी मुलाची नजर गेलीच, आणि त्याला कोण आनंद झाला! परक्या घरात ओळखीचं माणूस सापडलं ना.

"आरं, काका तुमी!" तो म्हणाला. "मग, म्हैस पसंत पडली का न्हाई शेवटी?"

मुलगी बघायचा कार्यक्रम, आणि ऐन बैठकीत म्हैस पसंत पडली का! आईनं भरलेली बशी परत आत नेली. दादा आधी मुलाकडे, मग काकाकडे बघायला लागले. मुलाच्या मामाला ठसका लागला. आत मी पदर खोचून उभी राहिले, कारण हसावं की भांडावं ते कळत नव्हतं आणि दोन्हीला उभं राहणं बरं पडतं.

"कंची म्हैस?" दादांनी विचारलं.

"न्हाई... ती मी... राहुरीला..." काका.

मुलाच्या ध्यानात आलं. मी दाराच्या फटीतून त्याचा चेहरा बघितला. आधी गोंधळला, मग सगळं समजून लाल झाला. पाटात पडलेला पाहुणा कोण होता आणि कशाला आला होता, ते त्याला कळलं होतं. आता हा सांगणार, हशा होणार आणि काकाची इज्जत जाणार.

"माझीच चूक झाली," तो म्हणाला. "दुसरंच कोन तरी वाटलं मला. त्या पाव्हन्याच्या मिशा मोठ्या हुत्या."

काकानं टोपी वर सरकवली. मी पदर सोडला. पण माझा प्रश्न अजून बाकी होता.

पोहे झाले, चहा झाला. नाव, शिक्षण, सगळं झालं. मग मामा म्हणाले, "पोरापोरीला बोलू द्या जरा." गच्चीवर कांदा पसरलेला, परसात आत्या भांडी घासतेय. मी म्हटलं, "गाडीपाशी बोलू." आई डोळे मोठे करत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही.

"बॉनेट उघडा," मी म्हटलं.

त्यानं उघडलं. ओट्यावरच्या खिडकीत डोकी गोळा झाली.

"हा व्हॉल्व्ह कशाला बसवला? गाडीला गरज होती?"

त्याचं तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय येणार. "टर्बोचं आयु..." इथपर्यंत आलंसुद्धा. मग तो थांबला. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"खरं सांगू का? गाडीला कायबी गरज न्हाई. मला हुती."

मी पदर खोचला.

"बत्तीस वर्सांचा झालो," तो म्हणाला. "पोरी बघाया गेलो का समदे विहीर बघत्यात, ऊस बघत्यात, सातबारा बघत्यात. मग इचारत्यात नोकरी हाय का. न्हाई म्हनलं का माझ्याकडं कोन बघतच न्हाई. गावातबी तसंच. रस्त्यानं गेलो तर कोन मान वळवीत न्हाई. फुस्स केलं का वळवित्यात. शिव्या देत्यात, पन बघत्यात तरी."

मला हसू आलं, मोठ्यानं आलं, आणि निम्म्यावर थांबलं. माझ्यासमोर इतकी मुलं बसून गेली, एकानंही मला स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगितली नव्हती. मी त्यांना तपासत होते आणि ते माझ्याकडून सुटायला बघत होते. हा माणूस त्याच्या गावाचं ऊसपाणी सोडून थेट त्याचं दुखणं घेऊन माझ्यासमोर उभा होता. मला तो आवडला. भयंकर आवडला.

अर्थात मी ते तोंडावर दाखवलं नाही. "चढाला धूर टाकते," मी म्हटलं.

"व्हय. गॅरेजवाला म्हनतो डिझेल खराब हाय."

"डिझेल नाही, तुमचा व्हॉल्व्ह गळतोय. क्लिप ढिली आहे. आता टर्बो दाबतो ती हवा तुम्ही रस्त्यावर सांडत चाललाय."

"मला ठावं न्हवतं," तो म्हणाला.

आला! माझ्या कानांनी ऐकला तो शब्द, आणि तोही न विचारता. मी पिकअपमधला स्क्रू ड्रायव्हर आणला. त्यानं पाइप धरला, मी क्लिप आवळली. आम्ही दोघं आत आलो तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याच्या नव्या शर्टाला डाग होता. आईनं कपाळाला हात लावला.

"कळवतो म्हना," दादा मामांना म्हणत होते.

"कळवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "मला पसंत आहे."

दादांनी माझे हात बघितले. मग म्हणाले, "हात धू आदी."

साखरपुड्यात काकानं नवरदेवाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी नवी होती. टॉवेल गुलाबी, धुतलेला, इस्त्री केलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादांना अजून वाटतं की काकानं टॉवेल पारनेरातून विकत आणला.

आता लग्नाचा दिवस. लग्न आमच्या दारातच. मी मुंडावळ्या बांधून, हातभर चुडा घालून आतल्या खोलीत बसले, आणि कान रस्त्याला. गावात नवरदेव आला की आधी मारुतीला जातो, मग मांडवात येतो. मारुतीचं देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. फुस्स ऐकू आलं की समजायचं.

ऐकू येईना. वाजंत्री दम खात होती. मांडवात लोक घड्याळं बघायला लागले. बायका चेष्टा करायला लागल्या, "काय गं, तुझी हवा गेली वाटतं!" मी वरून हसले. आत मात्र नको ते यायला लागलं. रस्त्यात गाडी पलटली? का त्यांना दुसरीकडं चांगलं मिळालं? पोरीचे हात काळे बघून त्याची आई फिरली? मग राग आला. एवढं खरं बोलून शेवटी हाही तसलाच निघाला? डोळे भरून यायला लागले तशी मी आत्याला म्हटलं, "बघ गं जरा, कोणी आलंय का रस्त्याला."

"कुनाची वाट बघतीस?" आत्या म्हणाली. "नवरदेव कवाचा मारुतीला बसलाय. आता उठत्यात बघ."

मला पटेना. आवाज आल्याशिवाय तो येतोच कसा?

पण आला. मांडवात उभा राहिला, मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता डोक्यावर पडायला लागल्या. माझा राग अजून उतरला नव्हता. मी अंतरपाटाच्या कडेकडे मान नेऊन दातांत बोलले,

"व्हॉल्व्ह कुठाय?"

"काढला."

"काढला? का?"

त्यानं मान अंतरपाटाकडं वाकवली. मग तो हळूच म्हणाला, "आता गरज न्हाई."

मी भर मांडवात रडायला लागले. बायका एकमेकींना सांगत होत्या, किती गं बाई गुणाची पोरगी, माहेर सुटतंय म्हणून रडतेय. कोणी तरी डोळे पुसायला टॉवेल पुढं केला. काका होता.